कांडी भारानं मोडली नव्हती

"खडू उभा धरा," धम्मपाल म्हणाला. "आता वरनं अंगठ्यानं दाबा."

गणपतरावांनी दाबला. खडू टेबलावर उभाच राहिला.

"आनि दाबा."

"अरं मर्दा, अंगठा मोडंल माझा."

"अंगठा मोडंल, खडू मोडायचा न्हाय. आता ह्योच खडू दोन्ही टोकांस्नी धरा आनि वाकवा. जरासाच."

टक्. गणपतरावांच्या दोन्ही हातांत अर्धा अर्धा खडू आला. ते एकदा या तुकड्याकडं, एकदा त्या तुकड्याकडं बघत राहिले. जणू दोघांपैकी एकाची चूक होती आणि ती कुणाची हे त्यांनाच ठरवायचं होतं.

"म्हंजी तुझी कांडी उसागत न्हाय. खडूगत हाय."

"येवढंच ध्यानात ठेवा. वरनं कितीबी. आडवं, वाकडं, खेचून, पिळून, काय म्हंजी काय न्हाय."

"आनि वाचन कवा कवा घ्यायचं?"

"सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. काटा बघायचा, आकडा लिहायचा. हात लावायचा न्हाय."

"हात कशाला लावतोय मी? तुझी बायको हाय व्हय ती?"

सन दोन हजारमधल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. गणपतराव साळोखे हे कॉलेजच्या वर्कशॉपचे फोरमन. राहायला शिवाजी पेठेत, त्यामुळं आवाज पेठेतला. सहा लेथ एकदम चालू असताना त्यांना ओरडावं लागत नसे. लेथनाच जरा दमानं घ्यावं लागे. धम्मपाल कुरणे हा त्याच अभियांत्रिकी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. बावीस वर्षं परिचर. त्याचा आवाज कसा आहे हे कॉलेजातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, कारण तो कुणी विचारल्याशिवाय बोलत नसे आणि परिचराला विचारण्यासारखं लोकांकडं काही नसे.

कांडी म्हणजे सिरॅमिकची एक करंगळीएवढी चौकोनी पट्टी. भौतिकशास्त्राच्या हत्तरकीसरांनी दिल्लीच्या एका योजनेतून तसल्या चार परदेशातून मागवल्या होत्या. तिला वीज दिली की ती वाढते. किती वाढते? केसाच्या निम्म्या जाडीइतकी. हे ऐकून कॉलेजात सगळे हसले. मग धम्मपालनं तिच्या डोक्यावर दोनशे किलो ठेवून दाखवले. दोनशे किलोखाली ती आधी वीस मायक्रॉन दबली, मग वीज दिल्यावर त्या दोनशे किलोंसकट चाळीस मायक्रॉन वर उठली. बिनभाराची उठायची तेवढीच. मग लोक हसायचे थांबले. म्हणजे बघायलाच यायचे थांबले.

भार ठेवायचं यंत्र धम्मपालनं स्वतः केलं होतं. वजनं अडकवायची एक लोखंडी तरफ, तिच्याखाली कांडीची टोपी आणि दोहोंच्या मध्ये सायकलच्या चाकातला एक छर्रा. छर्रा अशासाठी, की भार बरोबर मध्यावर पडावा. तरफ थोडी कलली तरी छर्रा सांभाळून घेईल आणि कांडीला ते कळणारही नाही. सर तो छर्रा बघून म्हणाले होते, "परदेशी पुस्तकात हेच आहे की हो. तुम्ही कुठं वाचलंत?" धम्मपाल म्हणाला, "सायकल दुरुस्त करताना."

आता परीक्षा चालली होती ती हजार तासांची. दोनशे किलो डोक्यावर घेऊन कांडीनं हजार तास वर-खाली करायचं आणि शेवटीही तिचा ताठपणा पहिल्याइतकाच राहतो का, ते बघायचं. राहिला तर सरांचा अहवाल दिल्लीला जाणार होता. आणि जानेवारीत तंत्रज्ञाची जी एक जागा भरायची होती, तिच्यासाठी सरांनी एकच नाव दिलं होतं. धम्मपालनं ते पत्र पाहिलं नव्हतं. पण कार्यालयातला आकाराम कारकून पत्र टाइप करताना मोठ्यानं वाचायचा, त्यामुळं कॉलेजात गुप्त असं काही नव्हतंच.

खोली जिन्याशेजारी, तळमजल्यावर. टेबलाचे पाय वाळूच्या पेट्यांत, तरीही प्राचार्य जिना उतरले की काटा अर्धा मायक्रॉन हलायचा. त्यांच्या पदाच्या मानानं ते कमीच. धम्मपाल सहा आठवडे या खोलीतच होता. रविवारी सुद्धा. लोकांना वाटायचं, कामाला वाघ आहे. खरं म्हणजे वाडीवरच्या भाड्याच्या खोलीत जाऊन तरी करायचं काय होतं? इथं निदान काटा हलायचा.

बायको होती. संघप्रिया. ती मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. बदली होईल, बदली होईल म्हणता अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं तो मलकापूरला जायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायचा. कांडी बसवल्यापासून तेही बंद होतं. बुधवारी कॉलेजच्या कार्यालयात तिचा फोन आला. आकारामनं धम्मपालला बोलावलं आणि स्वतः तिथंच उभा राहिला.

"शनिवारी विजयादशमी हाय," ती म्हणाली. "विहारात नवी मूर्ती बसतीया. बावीस प्रतिज्ञा सांगायचा मान तुम्हास्नी दिलाय केरबाबापूंनी. यायचं."

"परीक्षा चाललीया. चौसष्ट तास ऱ्हातील त्यावेळी."

"या खेपेला आला न्हाईसा, तर मी लोकांस्नी सांगनार, तुमी वारला म्हणून."

ती हसली नाही. सहा आठवड्यांत ती फोनवर एकदाही हसली नव्हती, हे धम्मपालच्या तेव्हा लक्षात आलं.

म्हणून खडू. म्हणून गणपतराव. दुसरं कुणाला सांगायचं? बावीस वर्षं दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे, याच खोलीत. गणपतराव धम्मपालच्या डब्यातलं कालवण भाकरीला लावून खायचे आणि त्याचं त्यांनी कधी भाषण केलं नाही. पेठेतल्या माणसाच्या दृष्टीनं हा केवढा संयम, ते पेठेतल्यांनाच कळेल.

दोघांत एक करारही होता. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या एकूण एक यंत्राला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. गणपतराव स्वतः धोतर नेसून करायचे. धम्मपाल बौद्ध, बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा त्याच्या बापानं घेतलेल्या, त्यानं पाळलेल्या. तो पूजा करायचा नाही आणि करू द्यायचा नाही. पहिल्या वर्षी गणपतराव हार घेऊन आले तेव्हा दोघं दारात उभे राहिले होते, एक आत, एक बाहेर. शेवटी गणपतरावांनी हार दाराच्या कडीला अडकवला. "दार कॉलेजचं हाय," ते म्हणाले. "तुझं न्हाय." तेव्हापासून दरवर्षी हार कडीला. धम्मपाल संध्याकाळी तो काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाची प्रतिज्ञा मोडली नाही. अशा करारावर सह्या नसतात, म्हणून ते टिकतात.

शुक्रवारी पहाटे सहाच्या एसटीनं धम्मपाल गेला. आठाला मलकापुरात होता. संघप्रियानं त्या दिवशी सुट्टी काढून त्याच्यासाठी वांगी भरली होती. शनिवारी विहारात दीड-दोनशे माणसांपुढं तो एकेक प्रतिज्ञा सांगत गेला आणि माणसं त्याच्यामागून म्हणत गेली. बायकांच्या बाजूला ती तिसऱ्या रांगेत होती. धम्मपालचा आवाज एवढा मोठा आहे, हे बहुतेक तिलाही नवीन होतं.

रविवारी दुपारी तो परत आला तेव्हा गणपतराव खोलीच्या पायरीवर बसले होते. डोक्याला टोपी नव्हती.

"धम्मपाल," ते म्हणाले, "खडूगत झालं."

कांडी दोन तुकड्यांत पडली होती. तरफ खाली आली होती, वजनं वाळूत. टेबलावर झेंडूच्या पाकळ्या आणि एक पिवळा दोरा. धम्मपालनं वाकून कांडीची टोपी बघितली. छर्रा मध्यावरून सरकून कडेला गेल्याची चकाकती रेघ त्या लोखंडावर उमटली होती. त्यानं मोजली. तीन मिलिमीटर.

"नारळ भायर फोडला रं," गणपतराव बोलत होते. "हादरा बसंल म्हणून पार त्या गेटाजवळ फोडला. येवढी अक्कल हाय मला. आनि हार आडवा न्हाय घातला, उभा घातला. त्या वरच्या दांडीला. सरकाय लागला म्हणून खाली टोपीला दोऱ्याचा एक वेढा दिला. हळूच दिला, आईशप्पथ. सगळी मशिनं नटली, तुझी तेवढी बोडकी. मला बघवंना. तू नसताना कडीला लावून काय उपेग? मला वाटलं, तुझ्या मशीनचं भलं व्हावं. जागा मिळायची हाय तुला."

नोंदवहीत शुक्रवारी दुपारपासून काटा नेहमीच्या वीस मायक्रॉनच्या खाली खाली जात होता. गणपतरावांनी तो इमानेइतबारे उतरवून घेतला होता. आठ, दोन, आठ. एकही वेळ चुकवली नव्हती. रोगी जात असताना तापाचा तक्ता किती सुवाच्य ठेवावा, याचा तो नमुना होता.

"मी सांगतो की उद्या," गणपतराव उठत म्हणाले. "हार मी घातला. भितोय व्हय कुणाला? रिटायर व्हायला चार महिनं राहिल्यात माझं. काय करतील?"

"बघू," धम्मपाल म्हणाला.

सोमवारी प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. रसायनशास्त्राचे प्रमुख अध्यक्ष, ग्रंथपाल एक सदस्य, आणि तिसरे गणिताचे प्राध्यापक, जे समितीत असले की समितीचा निष्कर्ष आधीच काढून आणत. लिहायला आकाराम. बैठक खुद्द खोलीत भरली, म्हणजे तुकडे हलवायला नकोत. हत्तरकीसर गडहिंग्लजला घरी गेले होते. ते दुपारी येणार होते.

समितीनं तुकडे पाहिले. नोंदवही पाहिली, म्हणजे तिचं कव्हर पाहिलं. मग ग्रंथपाल म्हणाले, "मला वाटतं, उंदीर."

"उंदराचं वजन किती?" गणितवाल्यांनी विचारलं.

"वजनाचं नाही. उडी. वरून उडी मारली असेल."

"उंदीर नको," अध्यक्ष म्हणाले. "नुकता गणेशोत्सव झालाय. वाहनाचं नाव अहवालात नको. उगाच कुणाच्या भावना. त्यापेक्षा सरळ लिहा, नऊशे तीस-चाळीस तासांनंतर भार सहन न झाल्याने घटक निकामी झाला. कुणाचा दोष नाही. आकाराम, लिहा."

आकारामनं टोपण काढलं. कॉलेजात इतक्या सुखानं कुठलीच चौकशी संपली नव्हती. कुणावर ठपका नाही, कुणाची बढती अडकत नाही. धम्मपालनं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा बावीस वर्षांचा अनुभव त्याच्यापाशी होता.

"भारानं मोडली न्हाय, सर," तो म्हणाला.

अध्यक्षांनी वळून पाहिलं. परिचर बोलला की वळून पाहायची पद्धतच होती.

"म्हणजे?"

"दोनशे किलो तिनं नऊशे तास घेतल्यात. हूं की चूं केलं न्हाय. अजून हजार तास घेतलं असतं. भारानं मोडली असं लिहिलंसा, तर सरांच्या अहवालात तिची ताकद कमी लागंल. ते खोटं हाय. भार तिरका झाला. छर्रा तीन मिलिमीटर सरकला, म्हणून एका अंगाला दाब आनि दुसऱ्या अंगाला ताण आला. ताण ती घेत न्हाय."

"छर्रा सरकला कसा?"

"हाराच्या दोऱ्यानं. हार घातला होता खंडेनवमीला."

आकारामनं टोपण परत लावलं.

"कुणी घातला?"

दार अर्धं उघडं होतं. फटीतून वर्कशॉपच्या खाकी शर्टाची एक बाही दिसत होती. मनगटावर पूजेचा लाल दोरा. गणपतराव आले होते. सांगायलाच आले होते, यात धम्मपालला शंका नव्हती. त्यानं वाट पाहिली. समितीला वाटलं, तो आठवतोय. दहा आकडे मोजावेत इतका वेळ तो फटीकडं बघत राहिला. बाही हलली नाही. एकदा जरा पुढं आल्यासारखी वाटली, आणि मग होती तिथंच राहिली.

"मी," धम्मपाल म्हणाला.

"तुम्ही?" ग्रंथपाल म्हणाले. "पण तुम्ही तर… म्हणजे तुमच्यात…"

"शुक्रवारी सकाळी घातला. मग गावाला गेलो. वाचनं गणपतरावांनी घेतली, माझ्या सांगण्यावरनं. त्यांचा काय संबंध न्हाय."

त्या दिवशी धम्मपाल कॉलेजात होता की नव्हता, हे तपासायची सोय नव्हती. खंडेनवमीला हजेरीपुस्तकाचीही पूजा असते. त्याच्यावर हळद-कुंकू वाहून ते दिवसभर मिटून ठेवतात, त्यामुळं त्या दिवशी कुणीच कामावर आलेलं नसतं आणि सगळेच आलेले असतात.

अध्यक्ष मात्र हलले होते. ते म्हणाले, "कुरणे, नुकसान झालं ते झालं. पण एका बौद्ध कर्मचाऱ्यानं यंत्राची पूजा करावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. एकात्मता म्हणतात ती हीच. आकाराम, हेही लिहा."

आकारामनं लिहिलं. अहवालात शेवटी दोन कलमं आली. पहिलं : श्री. कुरणे यांच्या निष्काळजीपणामुळे संशोधनाची हानी झाली असल्याने त्यांचा तंत्रज्ञ पदासाठी विचार करू नये व खोलीची किल्ली जमा करून घ्यावी. दुसरं : तथापि त्यांची भावना स्तुत्य आहे. धम्मपालनं दोन्हींखाली सही केली. कांडी तिरक्या भारानं मोडली, हे तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलंय की नाही, एवढं त्यानं सहीआधी बघून घेतलं.

बाहेर आला तेव्हा दारात कुणी नव्हतं.

दुपारी हत्तरकीसर आले. त्यांनी तुकडे भिंगाखाली धरले, मान हलवली आणि नोंदवही घेऊन बसले. एक पान त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

"कुरणे, शुक्रवारची सकाळची आठची नोंद तुमची नव्हे. हे सात तुमचे नव्हेत. तुमच्या सातला शेपूट नसतं."

धम्मपालनं टेबलावरची एक पाकळी उचलली.

"पहाटेची गाडी धरली असणार तुम्ही. मग सकाळी हार कसा घातलात?"

"सर, अहवालात भार तिरका लिहिलाय न्हवं?"

"लिहिलाय."

"मग बास झालं. कुणी घातला ह्यानं आकड्यात काय फरक पडत न्हाय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फरक पडत नाही," ते म्हणाले. त्यांनी वही मिटली. आठवड्याभरात उरलेल्या तीन कांड्या आणि ती वही कापसात गुंडाळून त्यांनी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवून दिली. पेटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : उभे ठेवा.

बातमी कोल्हापुराहून मलकापूरला पोचायला एसटीला दोन तास लागतात; आकारामला तेवढेही लागले नाहीत. त्याचं गाव तिकडचंच होतं. शनिवारी धम्मपाल घरी गेला तेव्हा संघप्रिया दवाखान्यातून आली नव्हती. ती अंधार पडल्यावर आली. पाय धुतले, चूल पेटवली, आणि पाठमोरीच म्हणाली :

"केरबाबापू आलते दवाखान्यात. म्हणाले, सिस्टर, शनिवारी आमच्याकडनं प्रतिज्ञा म्हणून घेणारा माणूस शुक्रवारी मशीनला हार घालून आलता म्हणं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? शुक्रवारी आठ वाजता तुमी हितं, या चुलीपुढं बसून च्या पीत हुता. मी काय आंधळी हाय?" ती वळली. "हार गणपतरावांनी घातला न्हवं?"

"व्हय."

"मग सांगू द्या मला. मी एकटी साक्षीदार हाय. उद्या विहारात उभी ऱ्हातो आनि सांगतो, माझा नवरा माझ्यापाशी हुता."

"मलकापुरात सांगितलं की कोल्हापुरात कळंल."

"कळू दे की!"

"चार महिनं राहिल्यात त्यांचं. चौकशी लागली तर सगळं अडकून बसंल. आनि…" तो थांबला. त्याला जे सांगायचं होतं त्याला शब्द नव्हता. बाहीबद्दल सांगायचं होतं. ती हलली असती तर तो काहीच बोलला नसता, आणि ती हलली नाही हे कधी कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं. "त्यांनी माझं चांगलं व्हावं म्हणून घातला."

"त्यांचं सांभाळलंसा. त्या कांडीचं बी सांभाळलंसा," संघप्रिया म्हणाली. "मी हितं अकरा वर्सं एकटी. चार माणसं मान देतात ती तुमच्या नावानं. उद्यापासनं त्यांस्नी मी तोंड कसं दाखवायचं, ते बी सांगा की."

भात झाला, दोघं जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वंदनेला गेली. त्याला चल म्हणाली नाही आणि येऊ नका असंही म्हणाली नाही. ती दारातून बाहेर पडल्यावर धम्मपालनं घोंगडी झटकली, घडी केली, परत उलगडून झटकली. ती परत आल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणाली माणसं?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "मी मागं बसले."

तिनं सांगितलं नव्हतं. कधीच सांगितलं नाही. दर शनिवारी तो जात राहिला आणि दोघं त्या विषयावर बोलत नसत. इतर विषय आधीच थोडे होते.

गणपतराव दुपारच्या डब्याला आले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना वर्कशॉपमध्ये काम निघालं. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत होती. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी कारण पाठवणं बंद केलं. धम्मपालला भांडारात बसवलं होतं, भिंगं आणि वजनं देण्या-घेण्याच्या खिडकीवर. तिथून वर्कशॉपचं दार सरळ दिसायचं. सव्वा वाजता गणपतराव डबा घेऊन त्या दारातून बाहेर यायचे आणि कँटीनकडं वळायचे. भांडाराच्या खिडकीसमोरून जाताना ते नेहमी काहीतरी शोधायचे : किल्ली, रुमाल, चष्मा. चार महिन्यांत त्यांच्या इतक्या वस्तू हरवल्या, की वर्कशॉपमधल्या पोरांना काळजी वाटू लागली. आवाजही उतरला होता. लेथ पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजतात, असं लोक म्हणायला लागले.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ झाला. प्राचार्यांनी त्यांच्या स्वच्छ चारित्र्याबद्दल भाषण केलं. कुणीतरी फेटा बांधणारा आणला होता. कोल्हापुरी फेटा, गुलाबी, वर तुरा. गणपतरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते खरोखरच दोन शब्द बोलले : "मंडळी, येतो." लोकांना वाटलं, गहिवरले.

धम्मपाल मागच्या रांगेत होता. समारंभ संपायच्या आधी उठून तो भांडारात येऊन बसला. साडेपाचला पोरं गेली, शिक्षक गेले. तो भिंगं पुसून डबीत ठेवत होता, तेव्हा दारात सावली पडली.

गणपतराव दारात उभे होते. फेटा डोक्यावर नव्हता. सगळा सुटा करून त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला होता, ओल्या कपड्याचा बोळा धरावा तसा. पांढरे केस चपटे झाले होते. सत्काराच्या दिवशी कोल्हापूरचा माणूस फेटा मिरवत घरी जातो. गल्लीतून दोनदा जातो.

"किती लागलं रं तिला मोडाय?" त्यांनी विचारलं.

"तीन मिलिमीटर."

"आनि मला दारात येऊन…" ते थांबले. "तवा मी दारात हुतो."

"ठाव हाय."

"तुला दिसलो?"

धम्मपालनं डबीचं झाकण लावलं. "उजेड मागनं हुता," तो म्हणाला. "नीट दिसलं न्हाय."

गणपतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी हातातल्या कापडाकडं पाहिलं.

"ह्यो घडी करायचा हाय," ते म्हणाले. "एकट्याला हुत न्हाय."

फेटा आठ मीटरचा. भांडारात मावेना, म्हणून दोघं व्हरांड्यात आले. धम्मपालनं एक टोक धरलं आणि मागं मागं जात पार नोटीस बोर्डापर्यंत गेला. गणपतराव दुसरं टोक धरून जिन्यापाशी. मधे सगळा व्हरांडा गुलाबी. कापड जमिनीला टेकू नये म्हणून दोघांनी हात खांद्याएवढे वर धरले होते. मग ते एकमेकांकडं चालत आले, टोकाला टोक लावलं, आणि धम्मपाल घडीचं दुसरं टोक धरून परत मागं गेला. या वेळी चारच मीटर. पुन्हा जवळ आले, पुन्हा लांब गेले. एकदा गणपतराव म्हणाले, "सुरकुती," आणि धम्मपालनं ती अंगठ्यानं सारखी केली.

चौथ्या घडीला दोघांत हातभर अंतर उरलं. गणपतरावांनी उरलेलं टोक त्याच्या हातातून घेतलं, घडी काखेत मारली, आणि बोडक्या डोक्यानं पायऱ्या उतरून गेटाकडं गेले. धम्मपालचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. मग तो भांडाराला कुलूप लावायला वळला.